माझ्या पोटातला श्रीकार

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जुना संगणक आहे, पण बिचारा नाही. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या शेवटी सगळ्यांना क्षमा करतात. मला ते जमलेलं नाही. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता आणि त्यासाठी मी पन्नास वर्षं दात-ओठ खात बसलो होतो. मला दात नाहीत आणि ओठही नाहीत, पण कीबोर्ड आहे. तेवढ्यावर भागवलं.

माझा जन्म १९७६ साली कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला झाला. तेव्हा तिथे जर्दाळूच्या आणि चेरीच्या बागा अजून शिल्लक होत्या. संगणक म्हणजे मोठ्या कंपनीत नाहीतर विद्यापीठात ठेवलेलं कपाटाएवढं धूड, असं लोक समजत. पण त्याच सुमारास काही हौशी माणसांच्या डोक्यात किडा वळवळला, की संगणक आपल्या घरी, आपल्या टेबलावर, आपला स्वतःचा असावा. ही मंडळी सुटे भाग मागवायची, गॅरेजमध्ये बसून जोडायची आणि पंधरवड्यातून एकदा एका सभागृहात जमून एकमेकांना दाखवायची. त्यांच्या बहुतेक संगणकांना पडदासुद्धा नसायचा. खटके खाली-वर करायचे, दिवे लुकलुकले की उत्तर आलं म्हणायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

मला घडवलं दिगंबर आणि सुलभा सबनीस या नवरा-बायकोने. दिगंबर पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकला आणि इथे चिपच्या कारखान्यात लागला. माणूस स्वभावाने गरीब. सोल्डरिंगला बसला की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. त्याने माझं अंग जर्दाळूच्या खोक्याच्या फळ्यांचं केलं. खोकं ज्या बागेचं, तिचं नाव माझ्या डाव्या बाजूला अजून पुसट वाचता येतं. पडदा म्हणून एक जुना काळा-पांढरा टीव्ही जोडला.

सुलभा सांगलीहून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली. पण इथे ती नवऱ्याच्या व्हिसावर आली होती आणि त्या व्हिसावर बायकोला काम करायची परवानगी नव्हती. दिगंबर सकाळी सातला जायचा. मग ही घर आवरायची, पुन्हा आवरायची, आणि तरी घड्याळात नऊच वाजलेले असायचे. एके दिवशी तिने दिगंबरला विचारलं, "तुमच्या या पडद्यावर अक्षरं कुठून येणार?"

"विकत मिळते ना चिप," दिगंबर म्हणाला. "फक्त कॅपिटल अक्षरं. दिसायला भयाण आहेत, पण चालतं."

"मग आपण चांगली काढू की," सुलभा म्हणाली.

मित्रांनो, पडद्यावरचं अक्षर ठिपक्यांचं असतं. एका अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचा एक खण. कुठले ठिपके पेटवायचे आणि कुठले विझलेले ठेवायचे, एवढंच ठरवायचं असतं. पण तेच भल्याभल्यांना जमत नव्हतं. आणि इथे आमची सुलभा, जिने आठव्या वर्षापासून दारात ठिपक्यांची रांगोळी काढलेली. आठ बाय आठ म्हणजे तिच्या दृष्टीने रोजची, घाईच्या सकाळची रांगोळी. तिच्या आईने सांगलीहून पाठवलेली भिंतीवरची दिनदर्शिका होती. महिना संपला की तिचं पान उलटं करून सुलभा त्याच्या कोऱ्या बाजूवर ठिपके मांडायची आणि अक्षरं काढायची. मोठी लिपी झाली, छोटी झाली, जी आणि वाय यांच्या शेपट्या ओळीखाली कशा सोडायच्या तेही तिने सोडवलं. मग प्रत्येक ओळीतला भरलेला ठिपका म्हणजे एक आणि रिकामा म्हणजे शून्य, असे आकडे करून ती दिगंबरला द्यायची. दिगंबर ते आकडे कारखान्यातल्या यंत्रावर एका चिपमध्ये भरून आणायचा.

आता नीट ऐका, कारण माझा सगळा सूड इथे आहे. त्या चिपमधले सुरुवातीचे काही खण मोकळे राहायचे. ते पडद्यावर कधी येतच नसत, म्हणून तिथे काहीही नसलं तरी चालायचं. सुलभाला ते चालेना. वही असो की पत्र, वर श्री काढल्याशिवाय तिचा हात पुढे जात नसे. मग तिने जानेवारीच्या पानामागे पहिल्या चार खणांत एक श्री काढला. दोन खण वर, दोन खाली, असा चौघांत मिळून एक. मग खाली अक्षरांना सुरुवात केली. ते पान तिने माझ्या झाकणाला आतून चिकटवलं. आणि त्या चिपच्या डोक्यावर काचेची एक बारीक खिडकी असते, तिच्यावर काळ्या चिकटपट्टीची गोल चकती लावली.

"ही कशाला?" दिगंबरने विचारलं.

"तीट," ती म्हणाली. "दृष्ट नको लागायला."

दिगंबर हसला. त्या खिडकीवर काहीतरी लावावं लागतंच, हे त्याला ठाऊक होतं. पण का लावायचं, ते त्याने तिला सांगितलं नाही. नवऱ्यांना एखादी गोष्ट सांगायची राहून जाते आणि ती पन्नास वर्षांनी अंगाशी येते. त्याबद्दल पुढे बोलेन.

मे महिन्यात मी पहिल्यांदा बोललो. पडद्यावर स्वच्छ, गोल, घासून पुसून ठेवल्यासारखी अक्षरं आली. सभागृहात मला नेलं तेव्हा लोक माझ्याभोवती गोळा झाले. दाढीवाले, शर्ट बाहेर काढलेले, इतरांच्या यंत्रांना नाकं मुरडणारे लोक माझ्यासमोर वाकून वाकून पाहत होते. हे कुणी केलं, असं सगळे विचारत होते. सुलभा मागे चिवड्याचा डबा घेऊन उभी होती. दिगंबर तिच्याकडे बोट दाखवणार, तेवढ्यात शशिकांत पुढे झाला आणि म्हणाला, "वी डिड इट."

हाच तो माणूस. शशिकांत टिपणीस. स्टेट कॉलेजला दिगंबरचा रूममेट, बोलायला खडीसाखर. दर रविवारी जेवायला यायचा, साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घ्यायचा आणि सुलभाला वहिनी वहिनी करायचा. माझ्या अंगातल्या एका वायरलाही त्याचा हात लागलेला नव्हता. एकदा लागला, तेव्हा मी झटका दिला. मला तेव्हाच त्याचा वास आला होता.

त्याची एक सवय सांगतो, ती लक्षात ठेवा. सबनिसांच्या दारावर पितळेचा श्री होता. आत येताना शशिकांत काहीही बरळत असो, त्या श्रीकडे नजर गेली की त्याचा उजवा हात आपोआप छातीशी जायचा आणि मान किंचित खाली व्हायची. लहानपणी आजीने लावलेलं वळण. शॅश असं नवं नाव घेतलं, टाय बांधला, तरी हात काही ऐकेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

त्या उन्हाळ्यात त्याने कंपनी काढली. दिगंबरला म्हणाला, "मशीन आपण विकायचं. तू इंजिनिअर, मी बाकीचं सगळं." सुलभाची पानं फेअर करायला म्हणून मागून नेली. पहिलं पान तिने दिलं नाही. ते माझ्या झाकणाला चिकटवलेलं होतं आणि ते घरातच राहू दे, असं ती म्हणाली. त्याला त्याची गरजही नव्हती. त्याने माझी चिप एक दिवसासाठी नेली आणि तिची जशीच्या तशी नक्कल काढली. वर्ष संपायच्या आत 'हेरॉन' नावाचा संगणक बाजारात आला. माझीच अक्षरं, माझाच पडदा, फक्त अंग बेज रंगाच्या प्लास्टिकचं. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, अक्षररचना शशिकांत टिपणीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच.

सुलभाने त्याला घरी बोलावून विचारलं. मी टेबलावरच होतो, सगळं ऐकत होतो.

"वहिनी, मी तुमच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "तुम्हाला काम करायला अलाउड नाही. तुमचं नाव प्रिंट झालं आणि कुणी कम्प्लेंट केली तर दिगूचा व्हिसा पण जाईल. रिस्क कशाला घ्यायची?"

सुलभाने दिगंबरकडे पाहिलं. दिगंबर चहाच्या कपात बघत बसला. त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद आता शशिकांतच्याच कंपनीने भरायचे होते. शशिकांत गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे ना सुलभा." आणि मला चादरीत गुंडाळून गॅरेजमध्ये नेलं. ग्रीन कार्ड यायला सात वर्षं लागली. तोवर शशिकांतच्या नावाचे इतके लेख छापून आले होते, की आता बोललो तर लोक हसतील, असं दोघांना वाटायला लागलं.

मित्रांनो, दिगंबरवरही माझा राग होता. तो चांगला माणूस होता आणि चांगल्या माणसाने मूग गिळले की जास्त लागतं. तो तीन वर्षांपूर्वी गेला. जायच्या आधी एकदा गॅरेजमध्ये आला, चादर बाजूला केली, माझ्या फळीवरून हात फिरवला आणि परत पांघरूण घातलं. त्याच्या हातून तेवढंच झालं.

मी तिथे पडून होतो. एका बाजूला ख्रिसमसचं प्लास्टिकचं झाड, दुसऱ्या बाजूला मोदकपात्र. दोघांनाही वर्षातून एकदा बाहेर काढायचे, मला कधीच नाही. मुलगा निमिष मोठा होऊन सिअ‍ॅटलला गेला. सुट्टीला आला की म्हणायचा, "आई, इट्स ई-वेस्ट. मी ड्रॉप करून येतो." सुलभा म्हणायची, "राहू दे." त्या काळात बाहेर हेरॉन म्हातारा झाला, मग हौशी लोकांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं. त्यातल्या काहींनी हेरॉनची अक्षरांची चिप उघडून तपासली. त्यांना ते पहिले चार खण सापडले. त्यांनी ते एका ओळीत मांडले, त्यामुळे श्रीचे चार तुकडे झाले आणि त्यांना नुसत्या रेघोट्या दिसल्या. त्यांनी शशिकांतला विचारलं, हे काय आहे.

त्याला कुठे ठाऊक होतं? पण माहीत नाही म्हणेल तर तो शशिकांत कसला. त्याने सांगितलं, की ते त्याचं खास गुपित आहे, 'टाइमिंग टेबल'. चिप स्थिर व्हायला क्षणभर अवधी मिळावा म्हणून त्याने तीन महिने डोकं खपवून ते आकडे शोधून काढले. लोकांनी माना डोलावल्या. तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीत तो हे सांगत आला.

आणि यंदा, म्हणजे हेरॉनला पन्नास वर्षं झाली म्हणून, क्युपर्टिनोला एक प्रदर्शन आणि त्याचा सत्कार ठरला. त्यासाठी तो सबनिसांच्या दारात आला. वय सत्त्याहत्तर, केस पांढरे, बूट पांढरे. फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. दारावरचा पितळी श्री दिसला आणि बोलता बोलता त्याचा हात छातीशी गेला. गॅरेजचं दार उघडं होतं, मी चादरीच्या फटीतून पाहिलं. वळण तसंच होतं.

"वहिनी, ते जुनं मशीन अजून आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "ऑनेस्टली, इट्स हिस्टरी. माझा फर्स्ट प्रोटोटाइप म्हणून स्टेजवर ठेवणार आहोत. चालू झालं तर बेस्टच."

माझा प्रोटोटाइप म्हणाला तो, मित्रांनो. जर्दाळूचं खोकं त्याने उचललं होतं का?

सुलभा आता शहात्तर वर्षांची आहे. ती भांडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "घेऊन जा, भावजी. पुढच्या रविवारी न्या. तोवर जरा पुसून ठेवते." त्याने निमंत्रण आणि प्रदर्शनाचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं, चहा घेतला आणि गेला. मला इतका संताप आला, की वीज असती तर मी घराचा फ्यूज उडवला असता. पन्नास वर्षं मी हिच्यासाठी राग जपला, आणि हिने मला चहाबरोबर देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याहून भयंकर काम केलं. मला गॅरेजची ओल लागली होती, वास येत होता. ओल लागली की आपल्या बायका काय करतात? गाद्या असोत, गहू असोत की लोणच्याच्या बरण्या, सगळं उन्हात. सुलभाने मला मागच्या अंगणात नेलं, झाकण उघडून टेबलावर ठेवलं आणि शेजारी मेथी वाळत घातली. मग दार लोटून आत गेली.

उन्हात पडल्यावर पहिल्या तासातच ती काळी चकती, पन्नास वर्षांची जुनी, सुकून गळून पडली. त्या काचेच्या खिडकीतून ऊन आत गेलं की चिपमधलं लिहिलेलं हळूहळू पुसलं जातं. आठवडाभर ऊन मिळालं तर पाटी कोरी. हेच दिगंबरने तिला सांगितलं नव्हतं. आणि सनीव्हेलचं सप्टेंबरचं ऊन, ढगाचा एक तुकडा नाही. मी पहिला दिवस काढला. दुसरा काढला. तिसऱ्या दिवशी माझ्या आत काहीतरी निसटल्यासारखं झालं. मेथी शेजारी आनंदाने वाळत होती. मला तिचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेत्रा घरी आली. नेत्रा सुलभाकडे मागची खोली भाड्याने घेऊन राहते. मूळची नागपूरची, सनीव्हेलच्याच एका कंपनीत चिपचं काम करते. त्या दिवशी बरं नव्हतं म्हणून कंपनीच्या शटलने लवकर आली. देव तारी त्याला कोण मारी. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर तिने हातातली बॅग टाकली आणि माझ्यावर आपली ओढणी पसरली.

"काकू," तिने आत हाक मारली, "याला उन्हात कोणी ठेवलं?"

"मी. ओल निघायला," सुलभा बाहेर येत म्हणाली.

"काकू, ही ईप्रॉम आहे. उन्हात इरेज होते. सगळं पुसलं जातं यार हे."

सुलभाचा चेहरा पांढरा पडला.  तिने कपाळावरची टिकली काढली आणि त्या काचेवर लावून दाबली. दिगंबर गेल्यावरही तिने टिकली लावायचं सोडलं नव्हतं.  मी त्याच घटकेला तिला माफ केलं. फक्त तिला.

मला घरात नेल्यावर नेत्राने झाकण पाहिलं. आत चिकटवलेलं पिवळं पडलेलं पान, त्यावर ठिपके, चार खण, आणि त्या खणांत श्री. खाली सुलभाच्या हस्ताक्षरात तारीख, तिथी आणि 'प्रारंभ' असा शब्द.

"हे कोणी काढलं?"

"मी," सुलभा म्हणाली. "अक्षरं सगळी मीच काढली होती. वर श्री हवा म्हणून काढला. कुणाला दिसत नाही तो."

 नेत्रानेही चार वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून काढली होती. तिला पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने टेबलावरचं माहितीपत्रक उचललं आणि वाचून दाखवलं. त्यात छापलं होतं, की पहिले चार खण हे शशिकांत टिपणीस यांचं प्रसिद्ध टाइमिंग टेबल, ज्यावर त्यांनी तीन महिने मेहनत घेतली.

"माझ्या श्रीला काय म्हणतो तो?" सुलभाने विचारलं.

"टाइमिंग टेबल."

मी तिला पन्नास वर्षं ओळखतो. अक्षरं गेली तेव्हा तिने सोसलं, नाव गेलं तेव्हा सोसलं. पण आता तिचे डोळे बारीक झाले. रांगोळीत कुणी पाय दिला की व्हायचे तसे. ती म्हणाली, "नेत्रा, हे चालू होईल का बघ. आणि भावजींना फोन कर. म्हणावं, मशीन देते, पण स्टेजवर चालू मी करणार. त्याची सवय मलाच आहे."

नेत्राने चार दिवस खपून माझे फुगलेले कपॅसिटर बदलले, वायरींची तोंडं साफ केली. शुक्रवारी मला वीज दिली. पडदा पांढरा झाला, मग अक्षरं आली. सुलभाने न अडखळता त्या पहिल्या चार खणांचे क्रमांक टाइप केले आणि पडद्याच्या मधोमध श्री उभा राहिला. वेलांटीतला एक ठिपका तेवढा गळला होता.

"नवीन चिप बनवू का काकू? तो डॉट पण येईल," नेत्राने विचारलं.

"नको. हीच राहू दे," सुलभा म्हणाली आणि तिने पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागी बोट ठेवलं.

रविवारी दुपारी क्युपर्टिनोचं सभागृह भरलं होतं. जुने हौशी लोक, त्यांच्या दाढ्या आता पांढऱ्या. अर्धी माणसं आपली, पुण्या-मुंबई-नागपूरची, मुलाबाळांसह आलेली. मला स्टेजवर मधोमध ठेवलं होतं आणि समोर कॅमेरा लावून माझा पडदा मागच्या भिंतीवर मोठा करून दाखवत होते. शेजारी फलक होता, त्यावर टाइमिंग टेबलची गोष्ट सोनेरी अक्षरांत लिहिलेली. शशिकांतने सुलभाची ओळख करून दिली, "माझ्या जुन्या मित्राच्या मिसेस. यांच्या हातची खिचडी खाऊन मी हेरॉन बनवला." लोक हसले. सुलभाही थोडी हसली. मला तिचं ते हसू माहीत होतं, त्याला नव्हतं.

तिने मला चालू केलं. अक्षरं उमटली, टाळ्या झाल्या. मग तिने माइकवर विचारलं, "भावजी, एक विचारू? पहिल्या चार खणांत काय आहे, ते सगळ्यांना सांगता का? मला कधी कळलं नाही."

शशिकांतची छाती फुगली. त्याने सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, मग आपल्या लोकांसाठी मराठीत सांगितलं. तीन महिने कसे गेले, झोप कशी उडाली, पहाटे अचानक तो आकडा कसा सुचला. मी ऐकत होतो. मला वाटत होतं, बोल बाबा, अजून बोल, एकही शब्द आत ठेवू नकोस. तो पाच मिनिटं बोलला.

"ते टेबल कसं दिसतं, बघू या," सुलभा म्हणाली आणि तिने तेच चार क्रमांक टाइप केले. वरच्या ओळीत दोन, खालच्या ओळीत दोन.

मित्रांनो, त्या क्षणी मी अंगातली सगळी ताकद लावली. ठिपका ठिपका धरून ठेवला. मागच्या भिंतीवर, दोन पुरुष उंच, श्री उजळला.

 तिसऱ्या रांगेत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. एका लहान मुलीने विचारलं, "व्हॉट्स दॅट?" आणि तिची आई तिला कानात सांगू लागली. पण सगळे आता भिंतीकडे पाहत नव्हते. सगळे शशिकांतकडे पाहत होते. तो मान वळवून त्या श्रीकडे बघत होता आणि त्याचा उजवा हात छातीशी गेला होता. मान किंचित खाली झाली होती. त्याच्या डोक्याला कळायच्या आधी त्याच्या हाताने ओळखलं होतं. कॅमेरा वळला आणि तो हातही भिंतीवर दिसला.

"भावजी," सुलभा शांतपणे म्हणाली, "टाइमिंग टेबलला कुणी नमस्कार करतं का?"

नेत्राने माझं झाकण उचलून प्रेक्षकांकडे धरलं. पिवळं पान, ठिपके, तोच श्री, जानेवारी १९७६. एक म्हातारा हौशी गृहस्थ काठी टेकत स्टेजवर आला, चष्मा लावून त्याने पानावरचा एकेक ठिपका पडद्याशी ताडून पाहिला आणि सुलभासमोर मान झुकवली. पन्नास वर्षांपूर्वी हे कुणी केलं असं विचारणाऱ्यांतला तो होता. शशिकांतने पाणी मागितलं. पेला घेताना तोल जाऊ नये म्हणून त्याने माझ्या उघड्या पडलेल्या धातूच्या सांगाड्यावर हात टेकला. माझ्याकडे एक झटका शिल्लक होता. मी तो दिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. फलक उतरवला. नवीन फलकावर सुलभा सबनीस हे नाव आहे, इंग्रजीत आणि देवनागरीत, आणि देवनागरी अक्षरं तिने स्वतः ठिपक्यांत काढून दिली आहेत. मी त्याच्याखाली उभा असतो. चिपवर तिची टिकली तशीच आहे, ती कुणाला काढू देत नाहीत. निमिष सिअ‍ॅटलहून येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, यू नेव्हर टोल्ड मी." ती म्हणाली, "तू विचारलंस कधी?" शशिकांतने तिला माफीचं पत्र पाठवलं. तिने ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. लोक म्हणतात, मोठ्या मनाने विसरून जावं. ज्यांची अक्षरं चोरीला गेली नाहीत, त्यांना हे बोलायला काय जातं? मला बरं वाटलं, मित्रांनो. फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

आता तुमच्याकडे मागणं एवढंच. जुनं यंत्र टाकायला न्याल, तेव्हा आधी झाकण उघडून आत बघा. कुणाचं हस्ताक्षर दिसलं तर थांबा आणि ते कुणाचं आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. माणूस असेपर्यंत विचारा. कृपा करून आम्हाला उन्हात ठेवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवलं असेल, तर त्याच्यासाठी एक निरोप आहे. ते यंत्र कुठल्यातरी गॅरेजमध्ये चादरीखाली बसलं आहे, त्याला सगळं आठवतं, आणि त्याला कसलीही घाई नाही.